झोल सोडा, तिरपे झोपा

कॅम्पिंगच्या हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी झोळीत, रात्रभर गाढ झोपता येतं, असं गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्याच विषयाला दिलं आहे. बहुतेकांचं म्हणणं असं, की दुपारी तासभर लोळायला ठीक, पण रात्र काढायची म्हणजे शिक्षाच. मी शिबिरांमध्ये लोकांना उघड्यावर झोपायला शिकवते. अंग आंबून उठलेल्या माणसाची बांधणी मी जाऊन पाहते, तेव्हा दुखण्याचं कारण त्याच्या पाठीत क्वचित सापडतं आणि झाडाला बांधलेल्या पट्ट्यांत बहुतेक वेळा सापडतं. म्हणून खालच्या उत्तरांत पट्टे, कोन आणि अंतरं बरीच येतील. ती सोडून पुढे जाऊ नका, कारण झोप तिथेच अडलेली असते.

प्रश्न : ताई, हॅमॉक दोन झाडांमध्ये चांगला कडक ताणून बांधला होता. तरी आत शिरल्यावर मध्ये खाली गेलाच. पाठीचं धनुष्य झालं, दोन्ही बाजूंनी कापड खांद्यांवर दाबत होतं, आणि जरा हललं की उलटेल अशी भीती. मध्यरात्री उठून तंबूत जमिनीवर जाऊन झोपले. माझी पाठ हॅमॉकच्या कामाची नाही, असं समजू का?

उत्तर : मुळीच समजू नका. तुमच्या पत्रातले 'कडक ताणून' हे दोन शब्द वाचले आणि पुढचं सगळं वाचायच्या आधीच कळलं. जवळजवळ प्रत्येक नवा माणूस हेच करतो. आपल्याला पलंगाची सवय असते, म्हणून वाटतं की कापड जितकं ताणलेलं तितकं सपाट. प्रत्यक्षात उलट होतं. ताणलेल्या कापडात आपण बसलो की मधोमध एक चर पडते आणि दोन्ही काठ भिंतींसारखे वर येतात. त्या चरीत माणूस सरळ पडतो, टाच आणि डोकं वर, कंबर खाली. खांदे दबतात तेही या काठांमुळेच. शिवाय कडक बांधलेल्या हॅमॉकमध्ये आपलं वजन टांगलेल्या टोकांच्या पातळीच्या जवळ राहतं, म्हणून तो डगमगतो.

आता झोल सोडून पाहा. कापड सैल सोडलं की त्याला रुंदी मिळते, आणि त्या रुंदीत तिरपं झोपता येतं. सगळी युक्ती या तिरपेपणात आहे. हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी मधली रेघ मनात धरा. डोकं त्या रेघेच्या डावीकडे साधारण एक वीत-दीड वीत, पाय तितकेच उजवीकडे. किंवा उलट, तुम्हाला सोयीचं असेल तसं. रेघेशी अंगाचा कोन 20 ते 30 अंशांचा झाला की एक गोष्ट घडते आणि ती लगेच कळते: पाठीखालचं कापड सपाट होतं, कंबर वर येते, गुडघ्यांवरचा ताण जातो. शिबिरात लोक या क्षणी बोलायचे थांबतात. पूर्ण सपाट होत नाही, डोकं आणि पाय किंचित वर राहतात, पण पाठ सरळ असते.

झोल किती? वजन पडल्यावर पट्टा आडव्या रेषेशी सुमारे 30 अंशांचा कोन करायला हवा. मोजायला सोपी रीत अशी: पट्टा झाडापासून आडवं 1 मीटर पुढे येताना साधारण 58 सेंटीमीटर खाली उतरलेला दिसला की 30 अंश झाले. हा आकडा फक्त आरामाचा नाही. 30 अंशांवर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर तुमच्या वजनाइतका ताण येतो. 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला 70 किलो. तोच पट्टा 15 अंशांपर्यंत ताणला तर दर बाजूला सुमारे 135 किलो, 10 अंशांवर 200, आणि 5 अंशांवर 400 किलोंच्या घरात. तुम्ही बांधला तसा कडक हॅमॉक झाडाला, कड्यांना आणि शिवणीला कित्येक पट ओढत असतो. पट्टे तुटतात, टोकाची शिवण उसवते, ती अशाच बांधणीत.

आता अंतर आणि उंची. झाडं साधारण 4 ते 5 मीटर अंतरावरची निवडा. साडेचार मीटरवर पट्टा झाडाला 1.8 मीटरच्या आसपास, म्हणजे उंच माणसाच्या डोक्याइतका बांधावा लागतो. हे ऐकून लोक दचकतात, पण झोल खाली उतरणार आहे हे लक्षात घ्या. झाडं आणखी लांब असतील तर पट्टा आणखी वर न्यावा लागतो. 6 मीटरवर तो 2.3 मीटरपर्यंत जातो, तिथे हात पोचत नाही, म्हणून माणूस खाली बांधतो आणि मग जमिनीला टेकू नये म्हणून ताणतो. कडक बांधणीचं मूळ पुष्कळदा झाडांच्या चुकीच्या निवडीत असतं. शेवटी मध्यभागी बसून पाहा: बैठक जमिनीपासून 45 सेंटीमीटर, खुर्चीइतकी उंच हवी. त्याहून उंच कधीच नको.

दर वेळी हा कोन मोजायचा कंटाळा येत असेल तर हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून टाका. तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या 83 टक्के ठेवायची असा सर्वसाधारण प्रघात आहे; 3.35 मीटरच्या हॅमॉकला साधारण 2.78 मीटर. मग झाडं जवळ असोत की थोडी लांब, आतला झोल रोज तोच मिळतो. रात्री झोपल्यावर ही दोरी दोन बोटांत धरून दाबा. थोडी वाकली पाहिजे. तारेसारखी टणक लागली तर बाहेरचे पट्टे सैल करा.

प्रश्न : तिरपं झोपते, झोलही सोडला आहे. पण उजव्या पोटरीखाली कापडाची एक कडक धार येते आणि तासाभरात पाय बधिर होतो. शिवाय रात्रभरात घसरत पायांकडे जाते.

उत्तर : दोन्ही तक्रारींचं औषध एकच निघण्याची शक्यता आहे. पायांकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा 15 ते 20 सेंटीमीटर वर बांधा. आपलं धड पायांपेक्षा जड असतं, म्हणून दोन्ही टोकं समान उंचीवर असली की सगळं अंग हळूहळू पायांकडे सरकतं. पाय ज्या भागात जायला नकोत तिथे, टोकाच्या चुण्यांजवळ, जाऊन पडतात, आणि धार तिथेच असते. पायाकडची बाजू उचलली की वजन मध्ये परत येतं.

तेवढ्याने गेली नाही तर गुडघ्यांखाली गुंडाळलेलं जाकीट किंवा छोटी उशी ठेवा. गुडघा थोडा वाकलेला राहिला की पोटरी धारेवरून उचलली जाते. पाय मध्यरेषेच्या अगदी थोडे आत किंवा बाहेर घेऊनही फरक पडतो. एका वेळी चार बोटं सरका, मिनिटभर थांबा, मग ठरवा.

हे सगळं करूनही धार टोचत असेल तर हॅमॉक आखूड आहे. पुष्कळ स्वस्त हॅमॉक 2.6-2.7 मीटर लांब असतात. बसायला आणि वाचायला ते उत्तम, पण मोठ्या माणसाला त्यात तिरपं पडायला जागाच नसते. सहा फुटांपर्यंतच्या माणसाला रात्रीच्या झोपेसाठी 3.3 मीटरच्या आसपास लांबी हवी. घेताना लोक 'दोघांचा' म्हणून रुंद हॅमॉक घेतात. रुंदीने फार काही साधत नाही, उरलेलं कापड तोंडावर येऊन फडफडतं. पैसे लांबीवर खर्च करा.

प्रश्न : थंडी फारशी नव्हती, रात्रीचं तापमान 16-17 अंश असेल. उत्तम स्लीपिंग बॅग होती. तरी पहाटे पाठ आणि कुल्ले बर्फ झाले होते, पोटाकडून मात्र घाम. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर : हे पत्र आलं याचा मला आनंद झाला, कारण या एका कारणाने माणसं हॅमॉक कायमचा सोडून देतात, आणि ते सोडायचं कारण नाही.

स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या भरावात अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते. आपण त्यावर झोपलो की पाठीखालचा भराव चेपून कागदासारखा पातळ होतो आणि त्यातली हवा निघून जाते. जमिनीवर झोपताना खाली मॅट असते म्हणून हे लक्षात येत नाही. हॅमॉकमध्ये त्या चेपलेल्या भरावाखाली फक्त पातळ कापड, आणि त्याखालून सतत वाहणारा वारा. वारा पाठीची ऊब काढून नेतो, बॅग कितीही भारी असली तरी. म्हणून 20 अंशांची रात्रही पाठीला गार लागू शकते. वर आणखी पांघरूण घेतल्याने पोटाकडून घाम येतो आणि पाठ होती तशीच राहते. तुमचं नेमकं हेच झालं आहे.

ऊब खालून द्यायची. सुरुवातीला घरात असलेली झोपायची मॅट चालते. फुगवायची असेल तर अर्धीच फुगवा, म्हणजे ती कापडाचा आकार घेते. फोमची असेल तर रुंद बघा, कारण हॅमॉकमध्ये खांदे मॅटच्या बाहेर जाऊन कापडाला टेकतात आणि तिथे गारठा शिरतो. मॅट रात्री घसरते ही खरी अडचण आहे. दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर ती दोन थरांच्या मध्ये सारायची, मग जागची हलत नाही. एकेरी असेल तर मॅट स्लीपिंग बॅगच्या आत घालून पाहा.

रोजच्या रोज झोपणारे लोक शेवटी अंडरक्विल्टकडे वळतात. हे हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगायचं जाड पांघरूण. आपलं वजन त्यावर पडत नाही, म्हणून त्याचा भराव फुललेला राहतो. मला स्वतःला याच्याइतकी सुखाची दुसरी वस्तू माहीत नाही, पण ते नीट बसलं नाही तर काही उपयोग नाही. हॅमॉकमध्ये झोपलेलं असताना कोणाला तरी खालून हात घालायला सांगा. तळहात हॅमॉकचं कापड आणि अंडरक्विल्ट यांच्यामधून फिरवायचा. हात मोकळा फिरला, तर मध्ये पोकळी आहे आणि तिथून थंड हवा खेळणार. टांगायच्या दोऱ्या थोड्या आखडा. हात आत शिरतच नसेल आणि भराव चेपलेला लागत असेल, तर ते फार घट्ट आहे. हाताला दोन्ही बाजूंनी मऊ, अलगद स्पर्श व्हायला हवा. कंबरेखाली आणि खांद्यांखाली वेगवेगळं तपासा, कारण एका जागी बरोबर बसलेलं दुसऱ्या जागी लोंबत असतं. दोन्ही टोकांना नाडी असते, ती पायांकडे आणि मानेकडे ओढून बंद करायला विसरू नका.

वरून स्लीपिंग बॅगची चेन पूर्ण लावून त्यात शिरायची धडपड करू नका. चेन उघडा, पायांचा कप्पा तेवढा पायांत घाला आणि बाकीची बॅग दुलईसारखी अंगावर ओढा. पाठीखालचा भराव तसाही काम करत नव्हता.

आणि जागा. ओढ्याकाठी, दरीच्या तळाशी थंड हवा रात्री साचते. थोडं चढावर, वाऱ्याच्या आड गेलात तर त्याच रात्री त्याच सामानात फरक पडतो.

प्रश्न : मी आयुष्यभर पालथा झोपत आलो आहे. उताणं झोपलं की झोपच लागत नाही. माझ्यासाठी काही उपाय?

उत्तर : तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही. दोन टोकांना गोळा होणाऱ्या नेहमीच्या हॅमॉकमध्ये पालथं झोपणं जमत नाही. कंबर उलट वाकते आणि मान अवघडते. पण एक सांगते, पालथं झोपणाऱ्या पुष्कळांना हॅमॉकमध्ये कुशीवर झोप लागते, आणि जमिनीवर कुशीवर झोपताना खांदा आणि खुबा दुखतो तसा इथे दुखत नाही, कारण टोचणारं काही खाली नसतं. आधी तिरपं उताणं व्हा, मग गुडघे वाकवून सावकाश कुशीवर वळा. वरचा गुडघा थोडा पुढे कापडाच्या काठाला टेकवा, म्हणजे पालथं झोपल्याचा थोडा भास होतो. उशी पातळ. हॅमॉकमध्ये डोकं आधीच वर असतं, जाड उशी घेतली की हनुवटी छातीला टेकते आणि सकाळी मान धरते. उताणं झोपतानाही मानेच्या खाचेत बसेल इतकीच उशी घ्यावी, पूर्ण डोक्याखाली नको.

ब्रिज हॅमॉक नावाचा वेगळा प्रकारही असतो. त्यात दोन्ही टोकांना आडव्या दांड्या असतात, काठांवर ताण येतो आणि मधला भाग सपाट खोळीसारखा राहतो. कुशीवर झोपणाऱ्यांना तो आवडतो. मात्र बागेत टांगतात तो दांडीचा जाळीदार झोपाळा याच जातीचा समजू नका. तो वरून सपाट दिसतो, पण त्यात माणूस काठांच्या पातळीवर झोपतो आणि कूस बदलली की खाली येतो. त्यात रात्र काढायला जाऊ नका.

प्रश्न : ताई, माझं वय 66. नातवंडांच्या हट्टापायी हॅमॉकमध्ये झोपायची इच्छा झाली आहे. पण आत कसं शिरायचं आणि अर्ध्या रात्री उठायचं झालं तर बाहेर कसं यायचं, याचीच धास्ती वाटते. माझं हसं होईल का?

उत्तर : काका, कोणी हसणार नाही, आणि हे शिकायला वयाची अडचण येत नाही. सांगते तसं एकदा दिवसा करून पाहा.

हॅमॉककडे पाठ करून मध्यभागी उभे राहा. दोन्ही हात मागे नेऊन कापडाचा पुढचा काठ पकडा आणि तो गुडघ्यांच्या मागे ओढून घ्या. दुसऱ्या काठाला पाठीमागे वर जाऊ द्या. आता कापड मागे पसरलेलं आहे, तुम्ही खुर्चीत बसता तसं सावकाश बसा. पूर्ण वजन टाका. एक-दोन क्षण तसेच बसून राहा, पट्टे थोडे ताणतात ते ताणू द्या. मग अंग मागे टाका, आणि त्याच वेळी दोन्ही पाय उचलून आत घ्या. पाय एकेक करून घेतले की अंग फिरतं, म्हणून एकदम. आत आल्यावर डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला सरकवा.

बाहेर येताना पाय आधी एकाच बाजूला सोडा, तळवे जमिनीला टेकू द्या, मग हातांनी काठ धरून उठून बसा. बसून थोडं थांबा. झोपेतून एकदम उभं राहिल्यावर चक्कर येते, तुमच्या वयाला तर नक्की थांबा. चपला डाव्या हाताला की उजव्या, ते झोपण्याआधी ठरवा आणि पाय त्याच बाजूला सोडा. डोक्यावरचा छोटा दिवा रिजलाइनला अडकवून ठेवा, हात लांब केला की सापडतो.

तुमच्यासाठी बैठक 45 ऐवजी 50 सेंटीमीटरपर्यंत चालेल, गुडघ्यांना उठायला सोपं जातं. एवढा एकच अपवाद मी करते, तोही खाली मऊ जमीन असेल तर.

प्रश्न : हॅमॉक हलतो त्याने झोप लागते म्हणतात. मला तर मळमळतं.

उत्तर : दोन्ही खरं आहे. जिनेव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये 12 पुरुषांना हलणाऱ्या पलंगावर दुपारी 45 मिनिटं झोपवून पाहिलं. पलंग दर चार सेकंदांनी एक हेलकावा घेत होता. स्थिर पलंगापेक्षा त्यावर झोप लवकर लागली. 2019 मध्ये त्याच शहरातून 18 तरुण-तरुणींवर अख्ख्या रात्रीचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात गाढ झोपेचा वेळ वाढला आणि मध्ये जाग येणं कमी झालं. पण लक्षात घ्या, तो पलंग यंत्राने एका संथ लयीत रात्रभर हलत होता. हॅमॉक तसा हलत नाही. आपण शिरताना तो जोरात झुलतो आणि मग थांबतो, किंवा बारीक झाडांना बांधला असेल तर वाऱ्याबरोबर वेडावाकडा हलतो. मळमळ त्या वेड्यावाकड्या हलण्याची असते.

जाड बुंध्याची झाडं घ्या. हॅमॉकच्या दोन्ही काठांच्या मध्यापासून लवचीक दोरी जमिनीतल्या खुंटीला सैलसर बांधा, झुलणं लगेच निम्म्यावर येतं. आत शिरल्यावर पायाने ढकलून झोका घेऊ नका आणि दोन मिनिटं मोबाइल बघू नका. संथ डोलणं उरतं तेवढं बहुतेकांना मानवतं.

प्रश्न : पावसात वर ताडपत्रीसारखा टार्प बांधूनही हॅमॉक ओला झाला. आणि मच्छरदाणी असूनही पाठीला डास चावले!

उत्तर : पाणी टार्पमधून आलं नाही, पट्ट्यावरून ओघळत आलं. झाडाच्या बुंध्यावरचं पाणी पट्टा धरतो आणि उतार हॅमॉककडेच असतो. पट्ट्याला, टार्पच्या आतल्या बाजूला, सुतळीचा एक तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. ओघळ तिथून जमिनीवर टपकतो. दोन्ही टोकांना हवा.

डास पातळ कापडातून खालून चावतात. त्यासाठी दुहेरी कापड, खाली मॅट किंवा अंडरक्विल्ट, यांपैकी काहीही पुरतं. उन्हाळ्यात मी खाली पातळ मॅट फक्त डासांसाठी ठेवते.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाला आमच्याबरोबर हॅमॉकमध्ये झोपवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. मांडीवर घेऊनही नाही, शेजारी तर नाहीच. या वयाच्या बाळाची मान वाकलेल्या कापडात छातीकडे झुकते आणि श्वास अडू शकतो, आणि मोठं माणूस झोपेत त्याच्याकडे घरंगळतं. बाळाला सपाट, घट्ट पृष्ठभागावर, उताणं आणि वेगळं झोपवा. मोठ्या मुलांसाठीही नियम एका हॅमॉकमध्ये एक मूल. आणि घराच्या आवारात टांगणार असाल तर फाटकाच्या विटांच्या सुट्या खांबाला पट्टा कधीही बांधू नका. वर लिहिलेला आडवा ताण असा खांब झेलत नाही, तो झोपलेल्या माणसाच्या अंगावर कोसळतो. वाळलेलं झाडही नको, आणि जिवंत झाडाखाली बांधतानाही मान वर करून मोडकी, अडकलेली फांदी नाही ना, ते बघा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. दोन आठवड्यांनी चार रात्रींच्या ट्रेकला पहिल्यांदा हॅमॉक नेणार आहे. एका रात्रीत सवय होईल?

उत्तर : एका रात्रीत होईल यावर विसंबू नकोस. तुझ्याकडे दोन आठवडे आहेत, ते वापर. आधी दुपारच्या झोपा काढ, कारण उजेडात कापड कुठे दाबतं ते डोळ्यांना दिसतं. मग घराजवळ, उठून आत जाता येईल अशा ठिकाणी रात्री झोप. एका वेळी एकच गोष्ट बदल. आज फक्त पायांकडचा पट्टा वर घे, बाकी तसंच ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. पहिल्या रात्री दोनदा जाग आली तर निराश होऊ नकोस, नव्या गादीवरही तसं होतं.

पट्टे पॉलिएस्टरचेच घे. नायलॉनचा पट्टा, विशेषतः भिजल्यावर, ताणतो आणि झोपताना गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेला तू पहाटे जमिनीला टेकतोस. रुंदी निदान 25 मिलिमीटर, साल मऊ असेल तर 50. बारीक दोरी थेट झाडाला गुंडाळू नकोस, ती सालीत रुतते आणि सालीखालूनच झाडाचं अन्न वाहत असतं. किल्ल्या अडकवायची शोभेची कडी चालणार नाही, वजन पेलण्याची क्षमता कोरलेली मजबूत कडी, म्हणजे कॅराबिनरच हवा. 12 किलोन्यूटन असं लिहिलेलं असेल तर तो सुमारे 1,200 किलो पेलतो, तुला भरपूर झाला.

झोपेची मॅट बरोबर ठेवच. थंडीला खाली लागेल, आणि एखाद्या मुक्कामी योग्य अंतरावर झाडं मिळाली नाहीत तर तिच्यावर जमिनीवर झोपता येईल. आणि घरच्या सरावात एखाद्या रात्री छान झोप लागली, की सकाळी सोडण्याआधी पट्ट्यावर कडी जिथे होती तिथे मार्करने खूण कर. डोक्याकडची आणि पायांकडची खूण वेगळ्या रंगांत.